तीन नंबरच्या खोलीचा कागद

गोधडी पिळायला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि एकमेकांच्या उलट पीळ द्यायचा. पुराचं पाणी ओसरल्यावर आम्ही शाळेतल्या छावणीतून घरी आलो, त्या दुपारी मी आणि बायकोनं मिळून तीन गोधड्या पिळल्या. येरवड्यात नदीच्या अंगाला आमची वस्ती आहे. गल्लीत घोटाभर चिखल होता आणि प्रत्येक दारात कोणी ना कोणी काहीतरी धूत होतं.

"अहो, उलटं फिरवा. मी फिरवतेय तिकडंच तुम्हीपण फिरवताय. पाणी निघणार कसं?"

"मग तू फिरव उलटं."

"चाळीस वर्षं मीच फिरतेय उलटी. आज तुम्ही फिरा."

शेजारचे हसले. मीही हसलो असेन. तिसरी गोधडी दोरीवर टाकली आणि ती उंबऱ्यावर बसली. पोटऱ्यांत गोळे येतायत म्हणाली. मी म्हणालो, सकाळपासून चिखल उपसतेयस, येणारच. चहा करून दिला. अर्धा कप पिऊन तिनं खाली ठेवला.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे लालभडक झाले, तिसऱ्या दिवशी पिवळे. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेली. किडन्या बंद पडल्यात म्हणाले. मशीनला लावली. पाचव्या दिवशी गेली.

तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं मला बाकावर बसवून समजावलं. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं. पायाला कुठं खरचटलेलं असलं की तिथून हा रोग आत शिरतो. ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. "यावर गोळी आहे, काका. छावणीत वाटली असेल ना?"

"आमच्या खोलीत नाही वाटली."

"का?"

"ते सिस्टरला विचारा."

हे उत्तर मी पुढं चार महिने सगळ्यांना देत होतो. विश्रांतवाडीच्या लेकीला दिलं. पुण्यानुमोदनाला जमलेल्या पावण्यांना दिलं, तेही विहारात, माईक बंद व्हायच्या आधी. वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, स्वतःच्या अक्षरात. छावणीवरच्या सिस्टरनं तीन नंबरच्या खोलीला गोळ्या दिल्या नाहीत, म्हणून माझी बायको गेली. शिक्का मारून घेतला. महिनाभरानं कळलं, सिस्टरला नोटीस निघाली आणि वाघोलीकडच्या दवाखान्यात बदली झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बायकोच्या मागं तेवढी एकच गोष्ट मला बरी वाटली.

आता कागदाचं सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. नगर रोडवरच्या एका कारखान्याच्या गेटवर एकतीस वर्षं वॉचमन होतो. माझं अक्षर वळणदार आहे, कारण तिथं लिहिण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. दर तासाला आवारात फेरी मारायची आणि रजिस्टरात लिहायचं, 'सर्व ठीक'. फेरी मारली का, हे बघायला कोणी येत नाही. रजिस्टर भरलंय का, हे बघायला येतात. म्हणून सगळेच वॉचमन सगळ्या तासांचं एकदम भरून ठेवायचे. पुढच्या तासांचंसुद्धा. एकदा मागच्या भिंतीवरून तांब्याची तार गेली. त्या तासालाही माझ्या अक्षरात सर्व ठीकच होतं. साहेबांनी ते पान फाडलं आणि माझ्याकडून नवीन लिहून घेतलं. मला कामावरून काढलं नाही. शिकलो ते असं शिकलो.

धरणाचं पाणी सोडलं आणि नदी वस्तीत शिरली, तेव्हा आम्हाला महापालिकेच्या शाळेत नेलं. चार वर्गखोल्या होत्या. आमची तीन नंबरची. अकरा घरं, त्रेचाळीस माणसं, कोपऱ्यात ढकललेली बाकं आणि फळ्यावर पुसायचा राहिलेला सुविचार. चार खोल्यांना मिळून एकच सिस्टर, चाळिशीतली, तोंडानं फटकळ. पहिल्याच संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, लिहिता येतं?"

"येतं."

"मग हा तुमच्या खोलीचा कागद धरा. ताप, जुलाब, खोकला, जखम, कावीळ. रोज संध्याकाळी एकेका घराला विचारायचं आणि आकडा टाकायचा. मला खोल्या चार आहेत आणि हात दोन."

तेच आकडे ती संध्याकाळी फोनवरून वॉर्ड ऑफिसला कळवायची. सकाळी डॉक्टर आणि गोळ्या कोणत्या खोलीत आधी जाणार ते त्यावर ठरायचं, कारण गोळ्या सगळ्यांना पुरतील एवढ्या आलेल्या नव्हत्या. हे तिनं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

कागद घेऊन मी चष्मा लावला तर बायको म्हणाली, "झालात डॉक्टर? आता मला तपासायला फी घेऊ नका."

पहिल्या दिवशी मी खरंच विचारत फिरलो. आमच्या समोरच्या घरातली बाई, तिचं अंथरूण खिडकीखाली. लेकीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून बसलेली.

"ताप आहे का पोरीला?"

"आहे. पण लिहू नका, बाबा."

"का?"

"मागं कोरोनात लिहिला होता. ह्यांचा. गाडी आली आणि घेऊन गेली. मला तोंडसुद्धा बघू दिलं नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर शेजारी."

मी शेजारीच होतो. ती गाडी मी बघितली होती. गल्लीच्या तोंडाला ठोकलेले पत्रे बघितले होते, आणि नंतर कितीतरी दिवस त्या घराकडं न बघता नळावर जाणारी माणसंही बघितली होती. त्यांत मीही होतो.

तिचं ऐकून पलीकडचे दोघं म्हणाले, आमचंही लिहू नका. एक जण म्हणाला, ताप सापडला तर खोलीला कुलूप लावतील, पाणी उतरलं तरी सोडणार नाहीत. बायका म्हाताऱ्या माणसाला आपलं दुखणं सांगत नाहीत, ते वेगळंच. सिस्टर दारात आली.

"तिसरी खोली?"

"निरंक."

"कशालाच काही नाही?"

"नाही."

"नशीबवान आहात." तिनं आकडा टिपला आणि चौथ्या खोलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी नुसता अंथरुणांकडं नजर टाकून शून्यं भरली. तिसऱ्या दिवशी तेही केलं नाही. बसलोच होतो, पेन हातात होतं, तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवसाचंही भरून टाकलं. हात सवयीनं चालला.

पाचव्या दिवशी दुपारी ही माझ्याजवळ सरकली.

"अंग तापलंय हो. बघा हात लावून."

बघितलं. तव्यासारखं होतं.

"सिस्टरला सांगू का?"

"नको. परवा घरी सोडणार म्हणतात. ताप कळला तर मला ठेवून घेतील आणि तुम्ही एकटेच घर उघडाल. तुम्हाला काय कळतंय, काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते."

मी कागद काढला. पाचव्या दिवसाच्या ओळीत ताप या रकान्याखाली माझं शून्य दोन दिवस आधीच बसलेलं होतं. गोल, वळणदार. त्यावर एक काट मारायची आणि बाजूला एक लिहायचा, एवढंच काम होतं. मी कागद घडी घालून परत खिशात ठेवला. ती नको म्हणाली म्हणून, असं मी स्वतःला सांगतो. पण मला खाडाखोड करायची नव्हती, हेही खरं आहे.

हे सगळं मला आठवत होतं. विहारात माईकवर बोलतानाही आठवत होतं. पण सिस्टरला शिव्या देत असेपर्यंत कागद डोळ्यांसमोर यायचा नाही. थांबलो की यायचा. म्हणून थांबत नव्हतो.

मग ती मुलगी आली. असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पाठीला बॅग, पायात बूट. पुराच्या आणि साथीच्या दिवसांत जमा झालेले आरोग्याचे कागद तपासायचे, त्यांचा अभ्यास करायचा, हे तिचं काम म्हणे. मी म्हटलं, पूर आला तेव्हा कुठं होतीस?

"तेव्हाही हेच करत होते, आजोबा. दुसऱ्या जिल्ह्यात."

"तिथली माणसं वाचली का मग?"

"सगळी नाही," ती म्हणाली. मला वाटलं होतं चिडेल. चिडली नाही. लॅपटॉप उघडून खाटेवर ठेवला.

पडद्यावर शाळेच्या खोल्यांचे चौकोन होते. ज्या खोलीत ताप जास्त, तो चौकोन जास्त लाल. एक, दोन आणि चार लाल होते. तीन नंबर पांढरा. धुतल्यासारखा.

"हे सगळ्या छावण्यांचे कागद एकत्र लावलेत," ती म्हणाली. "प्रत्येक खोलीत काही ना काही आहे. खोकला तरी आहे. तुमच्या खोलीत त्रेचाळीस माणसं, सहा दिवस, आणि एकालाही काही नाही. असं होत नाही."

"आमची माणसं दणकट आहेत."

"त्या दणकट माणसांतली पाच जणं नंतर तापानं दवाखान्यात आली. दवाखान्याची यादी आणि ह्या छावणीची यादी मी शेजारी शेजारी ठेवली. सगळ्यात जास्त तुमच्याच खोलीतली निघाली. त्यात तुमच्या घरातल्या आजीही आहेत."

तिनं कागदाचा फोटो मोठा करून दाखवला. माझं अक्षर मी कुठंही ओळखेन.

"सिस्टरनं कागद कोरा सोडला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. ते अक्षर कोणाचं, हे तिला ठाऊक नव्हतं. खाली सही सिस्टरचीच होती. "कोरा असता तर ऑफिसातून फोन आला असता, तिसऱ्या खोलीचं काय झालं म्हणून. कोणीतरी बघायला गेलं असतं. शून्याचा अर्थ वेगळा होतो. शून्य म्हणजे बघितलं आणि काही सापडलं नाही. मग गोळ्या लाल खोल्यांत गेल्या. बरोबरच गेल्या, कागदाप्रमाणं."

"म्हणजे सिस्टरचीच चूक."

"दिसतंय तरी तसंच. म्हणून तुम्हाला विचारायला आले. तुम्ही खोलीत होता. ती रोज येऊन विचारत होती का?"

बघा, काय आयतं ताट वाढून आणलं होतं पोरीनं. मी नुसतं नाही म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "हे कळून काय होणार आहे?"

"तुम्हाला काही मिळणार नाही, ते आधीच सांगते. परवा मला अहवाल द्यायचाय. खरं काय ते कळलं नाही तर तीन नंबरची खोली मी अभ्यासातून बाद करणार. खोट्या कागदावर हिशेब मांडता येत नाही."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे धरायचीच नाही. त्या खोलीत कोणी राहिलंच नव्हतं, असं समजायचं. आजींचा ताप मग घरी आलेला ताप, छावणीचा नाही. आणि पुढच्या पुराला पुन्हा असाच कागद, अशीच शून्यं. कागद का चुकला ते कळलं, तर तो भरायची पद्धत तरी बदलायला सांगता येईल."

मी उठून उभा राहिलो. "चालती हो."

"आजोबा, मी—"

"माझ्या बायकोला बाद करायला आलीस होय? नीघ. बूट काढून तरी यायचं होतंस घरात."

ती बूट दारातच काढून आली होती. माझं लक्ष नव्हतं. तिनं लॅपटॉप मिटला, खाटेवर एक कोरा फॉर्म ठेवला, वर स्वतःचा नंबर लिहिला आणि गेली. समोरची बाई दारात भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. मान वर केली नाही.

त्या दिवशी लेकीचा फोन आला. मी तिला सांगितलं, कागदाचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती, सिस्टरचीच चूक निघाली.

"मी म्हणतच होते," लेक म्हणाली. "आता तिला घरी बसवल्याशिवाय सोडू नका, बाबा."

फोन ठेवल्यावर मी भाकरी तशीच झाकून ठेवली. लेक माझ्यावर गेली आहे. एकदा धरलं की सोडत नाही. उद्या तिनं खरंच सिस्टरला घरी बसवलं असतं आणि मी ते बघत राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि वाघोलीची बस धरली. दवाखाना शोधायला वेळ लागला नाही, बाहेर रांग होती. मीही केसपेपर काढून रांगेत बसलो. नंबर आला. सिस्टरनं वर न बघता विचारलं, "काय होतंय?"

"मी तीन नंबरच्या खोलीतला."

तिनं वर बघितलं. मग माझ्या मागच्या रांगेकडं बघितलं.

"अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा असतो. इथं इंजेक्शनं मिळतात."

"अर्ज मागं घ्यायचाय."

"तोही तिथंच. तिकडं बसा. पेशंट संपू द्या."

एक वाजेपर्यंत बसलो. तिनं हात धुतले, डबा काढला आणि न उघडता टेबलावर ठेवला.

"बोला."

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत, कागद मी भरला म्हणून? माझं अक्षर आहे. अर्जालाही तेच आहे. दोन्ही शेजारी ठेवले असते तर कोणालाही कळलं असतं."

"तुमचा अर्ज दाखवला, त्याच दिवशी मला कळलं," ती म्हणाली. "पण कागद मीच भरायचा असतो. मी तुमच्या हातात दिला आणि खाली डोळे झाकून सही केली. ती माझी चूक, आणि तेवढी मी लिहून दिलीय. माणूस गेलेल्याच्या दारात जाऊन त्याचं अक्षर दाखवत बसू? मला दुसरी कामं आहेत."

मी माफी मागायला गेलो होतो. शब्द जमवून नेले होते. ते तिला नकोच होते, हे तिच्या तोंडाकडं बघून कळलं. म्हणून मी खिशातून कोरा फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवला आणि त्या मुलीचं सांगितलं. परवा म्हणाली होती, म्हणजे उद्या. उद्या ती आमची खोली बाद करणार.

सिस्टरनं फॉर्म वाचला. पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही सांगा, मी लिहिते. आधी तुमचं घर. माणसं?"

"दोन."

"ताप?"

"तिला."

"कितव्या दिवशी?"

"पाचव्या. दुपारी."

"पायाला जखम?"

"टाचेला. पाण्यातून येताना पत्रा लागला होता. पहिल्या दिवशी."

तिनं लिहिलं. "पहिल्या दिवशी. कोणाला सांगितलं होतं?"

"मला."

तेही तिनं लिहिलं, जसं सांगितलं तसं.

"पुढचं घर?"

मला त्या खोलीतली सगळी अंथरुणं आठवत होती. कोणाच्या शेजारी कोण, कोण कण्हत होतं, सगळं.

"ते मी नाही सांगणार. त्यांना विचारून येतो."

सिस्टरनं माझ्या घराच्या ओळीखाली सही केली, फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि डबा उघडला. मी परतीची बस पकडली. गल्लीत शिरलो तेव्हा समोरची बाई दारात तांदूळ निवडत होती. मी माझ्या घराचं कुलूप काढलं नाही. फॉर्म आधी तिला वाचून दाखवला, आमची ओळ. मग विचारलं, पोरीला ताप किती दिवस होता.

"बसा," ती म्हणाली आणि ताट बाजूला ठेवलं.